पुंगळ्यांचा हिशेब

माझ्या फाटकावरच्या पाटीत नावाआधीचं 'कॅप्टन' ठसठशीत आहे आणि नावाखालचं 'एन.सी.सी.' वाचायला भिंग लागतं. हा सगळा दोष पेंटरचा. मी त्याला एवढंच म्हणालो होतो की खालची अक्षरं वरच्यांपेक्षा लहान काढ. किती लहान ते सांगितलं नव्हतं. फक्त तो ब्रश टेकवायच्या बेतात असला की "अजून थोडी" म्हणत होतो. या पाटीच्या जोरावर पार्सलवाली पोरं मला सलाम ठोकतात, गॅसवाला टाकी थेट स्वयंपाकघरापर्यंत नेतो, आणि बँकेतल्या एका नव्या मॅनेजरनं तर खुर्चीतून उठून विचारलं होतं, "कारगिलच्या वेळी सर कुठं होते?"

"नांदेडलाच ड्युटी होती," मी म्हणालो. हे अक्षरशः खरं आहे. 1999 साली मी कॉलेजात अकरावीला इतिहास शिकवत होतो आणि रविवारी सकाळी पोरांकडून परेड करून घेत होतो.

अशा माणसाला सख्ख्या नातवानं तोंडावर म्हणावं, "आजोबा, ही गेम तुम्हाला नाही जमायची"?

ही म्हणजे 'फौ-जी: डॉमिनेशन'. तिची वंशावळ मी नातवाकडून पाठ करून घेतली आहे, कारण सनावळीशिवाय मला कुठलीच गोष्ट पचत नाही. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारनं पब्जीवर बंदी घातली. दोनच दिवसांनी अक्षयकुमारनं देशी 'फौ-जी' येणार म्हणून जाहीर केलं. ती 26 जानेवारी 2021 ला आली; गलवान खोऱ्यातली, बरीचशी हाणामारीची. नंतर त्याच नावाची ही नवी गेम 30 जानेवारी 2025 ला आली. पाच जणांविरुद्ध पाच जण, सगळी जिवंत माणसं, आपापल्या घरी बसून. केली कुणी? पुण्याच्या डॉट नाईन गेम्सनं. त्याच्या आदल्या ऑक्टोबरात आलेली 'इंडस' नावाची दुसरी लढाईची गेम, तीही पुण्याचीच.

म्हणजे युद्धसुद्धा पुण्यालाच.

मराठवाड्याच्या माणसाला हे ऐकून जे होतं तेच मला झालं. दांडेकर समितीनं 1984 च्या अहवालात रस्ते मोजले, सिंचन मोजलं, शाळा-दवाखाने मोजले, प्रत्येक गोष्टीत आमचा अनुशेष किती ते कोटींत काढून दिलं. गेमचा अनुशेष काढायचा राहिला. मी खेळलो त्या रणांगणांत दिल्लीची मेट्रो आहे, जोधपूरच्या गल्ल्या आहेत, चेन्नईचं बंदर आहे. आमच्या कंधारचा किल्ला नाही. भोवती पाण्यानं भरलेला खंदक, राष्ट्रकूटांपासूनचा इतिहास, एवढं सगळं तयार बांधून ठेवलेलं असताना नाही. आमच्याकडच्या माणसाला काही मिळालं नाही की तो निवेदन लिहितो. मीही लिहायला घेतलं. त्या निवेदनाकडे येतोच.

आधी लढाई. नातू माझ्या मोबाईलवर गेम टाकून देऊन पुण्याला परत गेला आणि मी दिवाणावर पालथा झालो. फायरिंगला पालथं पडूनच नेम चांगला लागतो, हे मी पंचवीस पिढ्यांच्या कॅडेटांना शिकवलेलं. पाय फाकवले, टाचा खाली दाबल्या, कोपरं रोवली, डावा डोळा मिटला. मोबाईलवर नेम धरायला डोळा मिटायची गरज नसते हे मला माहीत होतं. पण उघड्या दोन डोळ्यांनी गोळी झाडणं मनाला पटेना. आमची ही आतून आली, मला तसं पाहिलं, आणि काही न बोलता कमरेला लावायचं तेल गरम करायला गेली.

तेल येईपर्यंत मी मेलो होतो. पुन्हा उठलो होतो आणि पुन्हा मेलो होतो. या गेमची ही एक मोठी सोय आहे: मेलं की घटकाभरात माणूस परत उभा, बंदुकीसकट. पुराणातल्या लोकांनी यासाठी तपं केली. पण या सोयीचा घरात भलताच उपयोग होऊ लागला. आता हिची हाक अशी येते, "अहो, मेलात का? मेला असाल तर तेवढं दूध बघा, उतू चाललंय."

गेममध्ये बोलायचीही सोय असते. आपल्या बाजूच्या चौघांचे आवाज कानात येतात. पहिल्यांदा ते आवाज ऐकले तेव्हा मला वाटलं, युद्धभूमीवर शिव्यांचा एवढा साठा कुणी पुरवला? हिंदी, पंजाबी, तमिळ, सगळ्या राज्यांचा माल. आणि त्या गदारोळात एकदा स्पष्ट ऐकू आलं:

"ओ काका, मागून येलालाय! मागं बघा की! कुठं बघलालाव?"

मागून येलालाय! जोधपूरच्या गल्लीत, धुराच्या लोटात, माझा जीव जायच्या बेतात असताना, नांदेडातल्या भाग्यनगरच्या चहाच्या टपरीवरचा आवाज. शत्रूनं मला मारलं, पण मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कुठला रे तू?" मी मरता मरता विचारलं.

"किनवट तालुका. नांदेडला रूमवर राहतो. काका, आधी उठा तुम्ही."

असा मला पहिला सैनिक मिळाला. नीटच्या क्लाससाठी आईवडिलांनी गावाकडून पाठवलेला, श्यामनगरच्या बाजूला एका खोलीत राहणारा, डबा येतो, दिवसभर पुस्तक, रात्री जेवणानंतर तासभर ही लढाई. आता नांदेड आणि लातूर या दोन गावांत अशी किती पोरं खोल्याखोल्यांतून बसली आहेत ते रस्त्यावरच्या पाट्यांवरून कळतं: दर दोन पाट्यांनंतर एक क्लासची, मधली एक मेसची. एकदा मी त्याला रागावलो. अभ्यास सोडून बंदुका कसल्या चालवतोस? तो म्हणाला, "सर, दिवसभर कुणाशी बोललो नाही. इथं निदान शिव्या तरी मराठीत देता येतात." त्यानंतर मी त्याला त्या विषयावर काही बोललो नाही. तो मला 'काका'वरून 'सर' कधी म्हणू लागला ते लक्षात नाही. पण पाटीची गोष्ट मी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकली होती. खालच्या अक्षरांसकट नाही.

दुसरा सैनिक नांदेडच्याच इतवाऱ्यातला. बी.कॉम. करतो आणि संध्याकाळी वडिलांच्या कापडाच्या दुकानात बसतो. त्याचा माइक चालू झाला की मागे शिलाई मशीन ऐकू येतं. नेम असा की शत्रूनं खिडकीतून डोकं काढायचा विचार केला तरी हा तिथे गोळी ठेवून मोकळा. मला तो चाचा म्हणतो. "चाचा, कव्हर में बैठो ना. बीच सड़क में कायकू खड़े?" मी बीच सड़क में उभा असायचो कारण मी सेक्शन कमांडर होतो आणि दोन्ही बाजूंना आदेश देत होतो. माझे आदेश शास्त्रशुद्ध असतात: दिशा, अंतर, निशाणी, मग फायर. "सामने, पचास गज, पीला दरवाज़ा, बायाँ किनारा..." इतकं होईपर्यंत पिवळ्या दरवाजातला माणूस बाहेर येऊन, मला मारून, दुसऱ्या दरवाजात जाऊन बसलेला असे.

"सर," किनवटवाला एकदा अगदी अदबीनं म्हणाला, "तुम्ही बोलू नका. तुम्ही बोललाव की आम्हाला पावलं ऐकू येईनात."

ज्या गावात होळीला आणि दसऱ्याला सचखंड गुरुद्वाऱ्याहून हल्लाबोल निघतो, घोडे दौडतात, तलवारी खऱ्या असतात, त्या गावच्या कॅप्टनला हे ऐकावं लागलं. मी बोलायचं कमी केलं. मग करायला काही उरलं नाही, म्हणून मी जमिनीकडे बघू लागलो, आणि तिथं मला ते दिसलं. खरं म्हणजे दिसलं नाही, हाच मुद्दा. पुंगळ्या कुठं होत्या?

एन.सी.सी.च्या फायरिंगला गेलेल्या माणसाला सांगायला नको, इतरांना सांगतो. पॉइंट टू टू रायफल, लाल झेंडा, समोर कागदी टार्गेट, माणशी मोजून गोळ्या. गोळी कुठं लागली याला महत्त्व आहे, पण त्याहून महत्त्व आहे ते झाडलेल्या गोळीच्या रिकाम्या पुंगळीला. ती मोजून परत द्यायची असते. गोळ्या किती आणल्या, किती झाडल्या, किती उरल्या, पुंगळ्या किती. दोन्ही बाजू जुळल्या की सही. नाही जुळल्या तर रेंजवरून कुणी हलायचं नाही. एका हिवाळ्यात एक पुंगळी कमी भरली. चाळीस पोरं गवतात ओणवी, सूर्य कलायला लागलेला, मी काठीनं गवत बाजूला करतोय. शेवटी एका पोरानं खिशातून काढून दिली. आईला दाखवायला घेतली होती. रागवायच्या आधी मी ती हातात घेतली, तर अजून कोमट वाटली. त्याच्या मुठीतच होती इतका वेळ. मी नेमानुसार रागावलो. ते पोरगं पुढे सीमा सुरक्षा दलात गेलं.

आणि इथं? इथं गोळ्या धो धो. एकेक मॅगझिन रिकामं करायचं, बोट टेकवलं की नवं. पुंगळ्या हवेत उडतात, चमकतात आणि खाली पोचायच्या आत नाहीशा. माणसं मेलेली उठतात, गोळ्या संपलेल्या भरतात, कुणाची सही नाही. मला खेळातला पराभव एवढा लागला नाही, जेवढा हा गैरव्यवहार लागला. पोरांना मी तसं बोललोही. इतवाऱ्यावाला हसला. "चाचा, स्टॉक रजिस्टर होना क्या आपकू?"

हो. होना.

आता मी उमरीकडे वळतो. नांदेड जिल्ह्यातला माणूस कधी ना कधी उमरीकडे वळतोच. मी वर्गात फ्रेंच राज्यक्रांतीवरूनही वळत असे. शिवाय या वेळी मला सबळ कारण आहे. गेम आली 30 जानेवारीला, आणि उमरीची बँक लुटली गेली तीही 30 जानेवारीलाच, सन 1948. पुण्याच्या मंडळींना हे माहीत असेल तर त्यांना माझा मुजरा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: देश स्वतंत्र झाला होता, आम्ही नव्हतो. निजाम भारतात यायला तयार नव्हता आणि त्याच्या मदतीला रझाकार होते. त्यांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील. म्हणजे आमच्याच घरचं कार्ट. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसनं लढा पुकारलेला. निजामाच्या हद्दीबाहेर कॅम्प उभे राहिले, आमच्या बाजूला पैनगंगेपलीकडे उमरखेडला. पोरं नदी ओलांडून यायची, नाकी मोडायची, परत जायची. याला पैसा लागतो. बंदुका उधारीवर मिळत नाहीत, आणि मिळाल्या तरी गोळ्या रोखीनं घ्याव्या लागतात. तेव्हा रेल्वेच्या कडेचं, व्यापाराचं, मोंढ्याचं गाव उमरी. तिथं हैदराबाद स्टेट बँकेची शाखा. ती लुटायची ठरली, आणि लुटली. वीस लाखांहून अधिक रुपये. 1948 चे वीस लाख!

यात मला गेमवाल्यांनी शिकण्यासारखं बरंच दिसतं. कोण कुठं उभं राहणार हे आधी ठरलेलं. माइक नाही, नकाशाचा कोपऱ्यातला गोल नाही, शत्रूच्या डोक्यावर लाल खूण नाही. मेलं की उठणं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पैसा हाती आल्यावर तो उधळणं नाही. लुटलेल्या पैशाचा पै न पै हिशेब ठेवला गेला, हे आमच्याकडे लुटीपेक्षाही जास्त अभिमानानं सांगतात. बँक काय, कुणीही लुटतो. दरोड्याचं जमाखर्चाचं पुस्तक ठेवणारे फक्त आमच्या जिल्ह्यात झाले.

त्या दिवशी संध्याकाळी दिल्लीला गांधीजींचा खून झाला. पुढचे कित्येक दिवस देशाला दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. म्हणून उमरी आमच्याकडेच राहिली, आमच्या ओट्यांवर, आमच्या आजोबांच्या तोंडी. आणि आजोबा म्हटले की अडचण सुरू होते. नांदेड जिल्ह्यात ज्यांचे ज्यांचे आजोबा उमरीच्या लुटीत होते असं मी ऐकलंय त्या सगळ्यांना खरंच बँकेत उभं केलं असतं, तर कॅशियरला बाहेर पडायला वाट मिळाली नसती.

माझे आजोबा उमरीत होते का? होते. कापसाची गाडी घेऊन आले होते. ते स्वतः सांगत ते असं: आवाज झाला, लोक पळाले, मी पोत्यांमागे बसलो, अंधार पडल्यावर बैल शोधले. बैल सापडले याचाच त्यांना आनंद होता. माझे वडील ही गोष्ट सांगू लागले तेव्हा आजोबा पोत्यांमागून उठून बँकेसमोर आले आणि लढणाऱ्यांना पाणी देऊ लागले. मी वर्गात शिकवायला लागलो तेव्हा त्यांच्या हातात पाण्याच्या तांब्याऐवजी घोड्याचे लगाम आले, आणि निवृत्त व्हायच्या सुमाराला ते तिजोरीच्या बरेच जवळ पोचले होते. अजून दहा वर्षं नोकरी असती तर कुलूप त्यांनीच तोडलं असतं. परवा नातू म्हणाला, पणजोबांचं कॅरेक्टर चांगलं लेव्हल-अप झालंय.

बैलांचं मात्र कुणी पुढे सांगितलं नाही. मला आता तेच खरं वाटतं. बाजूला गोळ्या चालल्यात आणि एक माणूस अंधारात आपल्या बैलांची नावं घेऊन हळू आवाजात हाका मारतोय. असो.

तर निवेदन. मी ते या मजकुराचं केलं: मराठवाड्याचा अनुशेष लक्षात घेता उमरी 1948 हे रणांगण गेममध्ये समाविष्ट व्हावं. स्टेशन, मोंढा, बँक, तारेचे खांब. पाच विरुद्ध पाच हे ठीक. गोळ्या मोजक्या द्याव्यात. मेलेल्या माणसाला परत उठवू नये. फार तर जखमी ठेवावं. आणि जिंकणं म्हणजे किती मारले ते नव्हे, किती रक्कम किती चोख हिशेबानं पलीकडे पोचवली ते. हे मी फुलस्केपवर दोन्ही बाजूंनी लिहून रात्री पोरांना वाचून दाखवलं. लढाई सुरू होती, पण मी तेव्हा मेलेला होतो, वेळ होता.

किनवटवाला खूश झाला. "सर, लई भारी. तारा मी तोडतो."

इतवाऱ्यावाला काही बोलला नाही. शिलाई मशीन चालू होतं. मग म्हणाला, "चाचा, सामने की टीम में कौन?"

"रझाकार," मी सरळ उत्तर दिलं. इतिहासात दुसरं उत्तरच नाही.

"हाँ. तो उधर कौन खेलेगा? मेरेकू डालेंगे ना सब उधर?"

तो रागावला नव्हता. दुकानात गिऱ्हाइकाला कापडाचा भाव सांगावा तसा सांगत होता. आणि मला अकरावीचा वर्ग आठवला. दरवर्षी हा धडा यायचा, हा शब्द यायचा, आणि तो आला की वर्गातल्या काही माना एका ठरावीक बाकाकडे वळायच्या. मी खडूनं फळ्यावर टकटक करायचो. माना सरळ व्हायच्या, धडा पुढे जायचा. त्या बाकावरची पोरं वहीत बघत बसायची.

इतिहासाच्या मास्तराला गप्प बसवत नाही. मी सुरू केलं. शोएबुल्ला खान, हैदराबादच्या 'इमरोज'चे संपादक. निजामानं भारतात सामील व्हावं असं लिहिलं म्हणून 22 ऑगस्ट 1948 ला रझाकारांनी त्यांना मारलं, लिहिता हात तोडला. मुसलमान माणूस, रझाकारांच्याच विरोधात. तिथून मी मागे गेलो. 1760 ची उदगीरची लढाई, आपल्या लातूर जिल्ह्यातली. मराठ्यांच्या बाजूनं तोफखाना कुणाचा? इब्राहिमखान गारद्याचा. आधी निजामाच्या चाकरीत, मग मराठ्यांकडे, आणि पुढच्या वर्षी पानिपतावर भाऊसाहेबांसाठी...

"चाचा," तो मध्येच म्हणाला, "मेरेकू मालूम है ये सब. हर सतरा सितंबर कू, मुक्तिसंग्राम दिन पे, सुनते आए स्कूल में. मैं हिस्ट्री नहीं पूछरूँ. गेम की पूछरूँ."

यावर माझ्या फुलस्केपवर काही नव्हतं. दोन्ही बाजू भरलेल्या असून नव्हतं. आणि मला चीड आली, ती नेमकी कुणाची ते त्या वेळी सांगता आलं नसतं. पुण्याच्या गेममध्ये, त्या जोधपुरात, याला कुणी विचारत नाही तू कोण. यंत्र चिठ्ठ्या टाकतं, आज या बाजूला, उद्या त्या बाजूला, आणि नेम बघतं फक्त. मी माझ्या जिल्ह्याच्या अभिमानाचं रणांगण मागायला गेलो आणि माझ्या सगळ्यात चांगल्या नेमबाजाला दारातच नाव सांगायची पाळी आली.

किनवटवाल्यानं सोडवायचा प्रयत्न केला. "सर, असं करा की. अर्ध्यात बाजू बदला. आधी आम्ही रझाकार, मग ते. शाळेत कबड्डीत मैदान बदलतेत तसं."

"मी रझाकार नाही होणार," मी म्हणालो.

"का बरं?"

"माझे आजोबा बँकेत होते."

"पोत्यामागं होते म्हणलाव की परवा!"

हे त्याला मी कधी सांगितलं होतं ते आठवेना. रात्री मेलेल्या अवस्थेत माणूस काय काय बोलून जातो. इतवाऱ्यावाला खो खो हसला. शिलाई मशीन थांबलं. बहुतेक मशीनवरच्या माणसालाही ऐकू जात असावं. मग तो म्हणाला, "झगड़ा नक्को चाचा. मेरेकू मुनीम बना देव. गोली दूसरे चलाने देव, मैं हिसाब देखतूँ. बीस लाख का हिसाब किसी कू तो रखना पड़ेगा ना?"

मी फुलस्केप उलटसुलट करून पाहिला. खरंच, हिशेब चोख असावा असं मी तीन ठिकाणी लिहिलं होतं आणि तो ठेवणार कोण ते कुठंच नव्हतं. समासात लिहिलं: मुनीम, एक. हा खेळाडू कुठल्याच टीमचा नसेल. त्याला कुणीही गोळी घालू शकणार नाही. त्याची सही झाल्याशिवाय कुठलीच टीम जिंकली असं जाहीर होणार नाही.

"अरे, मग त्यालाच सगळे पॉइंट!" किनवटवाला भडकला. "आम्ही तारा तोडायच्या, पळायचं, मरायचं, आणि हा बसून सही करणार? सर, हे म्हंजे तलाठ्याचं काम झालं!"

"तलाठी ही छोटी पोस्ट नाही," मी म्हणालो.

"आणि हिशेब जुळंस्तोवर मॅच संपणार नाही म्हणलं तर रात्री दोन वाजतील. माझी उद्या टेस्ट आहे. फिजिक्स."

"तो पढ़ ना जाके," इतवाऱ्यावाला म्हणाला. "चाचा, नियम पक्का करो. गोलियों का भी हिसाब होना. जितनी चलाए उतनी की पुंगली जमा."

माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. एवढ्या वर्षांत कुठल्या कॅडेटनं आपणहून पुंगळीचं नाव काढलं नव्हतं. पण ते पाणी यायच्या आत त्यानं तेच हत्यार माझ्यावर फिरवलं. मॅच संपली होती, पडद्यावर सगळ्यांचे आकडे लागले होते आणि कापडदुकानात वाढलेल्या पोराची नजर आधी शेवटच्या ओळीकडे जाते. शेवटच्या ओळीत मी होतो.

"ये देखो. चाचा, आप पूरा मैच फायर करते रहे. बंदा कितना मारा?"

"मी कव्हर देत होतो."

"किसकू?"

किनवटवाला अजून गेला नव्हता. टेस्ट असली तरी हे ऐकल्याशिवाय तो जाणार नव्हता. "मला दिलं कव्हर, भाऊ," तो म्हणाला, "माझ्यावरच गोळ्या झाडलालते. बरं झालं, आपल्या माणसाला लागत नाही या गेममध्ये."

ही तेलाची वाटी घेऊन दारात उभी होती. "नील लिहा आणि झोपा," ती म्हणाली. तिला आतापर्यंत सगळी परिभाषा आली आहे.

"मग नील लिहू?" मी माइकमध्ये विचारलं.

"लिख देव चाचा. लेकिन दस्तखत के साथ. और गोलियाँ कितनी चली, वो कॉलम खाली नक्को छोड़ो, कल ऑडिट है."